डिस्प्लेमधली तारा

स्टिकरचा एक कोपरा सुटलेला होता, आणि सुटलेला कोपरा दिसला की मृणालला राहवत नाही — नख घातलंच. वरच्या स्टिकरवर जुनी किंमत खोडून लाल अक्षरांत नवी. खाली, त्याच्याच पोटाखाली, अजून एक स्टिकर, पिवळं पडलेलं… आणि त्याच्यावर पण तीच नवी किंमत. म्हणजे सूट-बिट काही नाही. हा नारळाएवढा काळा बोलता डबा पहिल्या दिवसापासून एवढ्यालाच होता. दुसरा कुठला दिवस असता तर तिने काउंटरवरच तमाशा केला असता, भोपाळच्या सगळ्या सोनागिरी बाजाराला ऐकू गेलं असतं. आज तिने कोपरा परत दाबून बसवला, अंगठा ओला करून, नीट.

"डिस्प्ले पीस है मैडम, इसलिए सस्ता," सेल्समन म्हणाला. "आज शाम तक का ऑफर है."

खोटं बोलतोय. पण बोलू दे. सस्ता आहे की महाग, तो प्रश्नच नाहीये. प्रश्न एकच आहे — ह्याला बाबांचं बोलणं कळतं का.

आईने अट घातली होती. आई बरखेड्यात, राहत्या क्वार्टरपासून दोन गल्ल्या सोडून, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसते. "त्यांनी पलंगावरून आवाज दिला आणि मला फोन लागला, तर मी पळत येऊ शकते. तेवढं होत असेल तर जा तू मंडीदीपला. नसेल होत, तर विषय संपला, मनू." विषय संपला हे आई अशा आवाजात म्हणते की भांडायला जागाच उरत नाही. मनू म्हणजे मृणाल. घरचं नाव.

मंडीदीपला बाटल्यांचा कारखाना आहे. तन्वी तिथे लागली, मृणालच्याच वर्गातली, आणि तिने सुपरवायझरकडे शब्द टाकला. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, मागे पांढरा दिवा, आणि तडकलेली, बुडबुडा असलेली दिसली की उचलायची. बस्स. डोळे पाहिजेत. "तुझे तर गिधाडाचे आहेत," तन्वी म्हणाली होती. "पण सोमवारी आली नाहीस तर तो दुसरी घेईल, मग मला नको बोलूस." बस मिसरोदवरून जाते. खिडकीची जागा मिळाली तर दोन्ही बाजूंचं दिसतं म्हणे… बसमध्ये एका वेळी दोन्ही बाजूंचं कसं दिसेल, पण मृणालला ते वाक्य इतकं आवडलं होतं की तिने विचारलं नाही.

कारण घरात एकच बाजू दिसते. पलंग, पलंगाच्या पलीकडे कपाट, कपाटाच्या आरशात परत पलंग. बाबांना झटका आला तेव्हापासून उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं, आणि दिवसभर घरी कोण थांबणार तर जी शाळा सोडून बसलीये ती. लोक म्हणतात, बिचारीची शाळा बापाच्या आजारपणात सुटली. काही नाही. अकरावीत गणिताच्या सरांच्या तोंडावर वही आपटून ती स्वतः बाहेर पडली होती, झटका नंतर आला. पण बिचारी म्हटलं की बरं वाटतं लोकांना. सकाळी पुसणं, भरवणं, कूस बदलणं, लाळ पुसणं, पंख्याचा टकटक आवाज, परत कूस. मी अठरा वर्षांची आहे. मला कधीकधी असं वाटतं की हा पंखा माझ्या डोक्यात बसवलाय आणि त्याचं बटण बाहेर कुणाच्या तरी हातात आहे, आणि तो माणूस जेवायला गेलाय…

"चालू करके दिखाऊँ?"

"रुकिए दो मिनट."

तिने मोबाइल काढला. त्यात सकाळचं रेकॉर्डिंग होतं. सगळी आशा त्या मोबाइलमध्ये होती आणि तिचं तिलाच ऐकायचं धाडस होत नव्हतं.

ह्या ताराला — डब्याचं नाव तारा — हिंदी कळतं, इंग्रजी कळतं, मराठी नाही. आणि नीळकंठरावांना, म्हणजे बाबांना, झटक्यानंतर फक्त मराठीच उरलीये. ज्या माणसाने कारखान्यात तीस वर्षं हिंदीत शिव्या दिल्या, युनियनच्या गेटवर हिंदीत भाषणं ठोकली, त्याच्या तोंडातून आता हिंदीचा एक शब्द निघत नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, मागाहून शिकलेलं आधी जातं. मृणालला ते पटलेलं नाही. तिला वाटतं, ते मुद्दाम करतात. कारण घरात नियम होता. उंबऱ्याच्या आत मराठीच. हिंदी शब्द आला की स्टीलच्या डब्यात रुपया टाकायचा, गणपतीत त्या पैशांचे मोदक यायचे. "पाणी म्हण, भोपाळचं पाणी पितेस म्हणून पानी नाही म्हणायचं!" आणि सगळ्यात जास्त रुपये मृणालचेच. मोदक खाताना बाबा म्हणायचे, "घ्या, मनूची कृपा."

आणि आज सकाळी तीच मनू उशाशी बसून त्यांना हिंदी शिकवत होती.

"म्हणा बाबा. तारा. ता-रा."

"ता… आ."

"बरं. आता म्हणा, फ़ोन लगाओ."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. डाव्या डोळ्यात काहीतरी हललं.

"फो… न… आव."

"लाव नाही. लगाओ. ल-गा-ओ. कारखान्यात म्हणायचात ना? कितीदा म्हणायचात! लगाओ!"

"आव."

"मुद्दाम करताय ना? नियम आठवला का? मी टाकते रुपया, मी टाकते तुमच्या वतीने, पण म्हणा!"

त्यांनी तोंड मिटून घेतलं. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, भांडी आदळली, आणि मोबाइल पलंगावर तसाच रेकॉर्ड करत राहिला. नंतर शेजारच्या कांचनकाकू आल्या, थोडा वेळ बसायला. "जा बाई, पण लवकर ये, माझा कुकर व्हायचाय." आणि मग बाबांकडे वळून, मोठ्यांदा, ते बहिरे असल्यासारखं, "काय नीळकंठराव, लेक बाजारात चालली! साडी सांगू का तुमच्यासाठी?" बाबा हसले होते, अर्ध्या तोंडाने. काकूंना ते हसतात. मला नाही.

"कीजिए चालू," ती म्हणाली.

डब्याच्या डोक्यावर निळं कडं पेटलं. मृणालने मोबाइल जवळ धरला आणि बोट ठेवलं. दुकानात, टीव्हीच्या भिंतीसमोर, मिक्सर बघायला आलेल्या बायकांच्या मधोमध, बाबांचा आवाज निघाला — ता… आ… फो… न… आव — आणि तिने पहिल्यांदाच तो बाहेरून ऐकला. घरात तो आवाज म्हणजे शब्द असतात. इथे तो शब्द नव्हता. इथे तो कुठूनतरी ओढत आणलेल्या फर्निचरचा आवाज होता.

निळं कडं हललंसुद्धा नाही. तिने परत लावलं. परत. एका बाईने मिक्सरवरून मान वर केली.

मालक लांबून भोपाळी हेलात ओरडला, "को ख़ां, ये कौन रो रिया है?"

"कोई नहीं रो रहा!" मृणाल इतक्या जोरात म्हणाली की मालक परत आपल्या बिलांकडे वळला. सोमवार… पट्टा, पांढरा दिवा, तन्वी, सगळं एका मिनिटात लांब जायला लागलं, बस सुटल्यावर जाते तसं, आणि आपण मागे धावतोय आणि चप्पल तुटलीये. उचलून आपटावा हा डबा. भरून देऊ पैसे. घरी जावं आणि त्या पलंगाला… नाही. काय नाही? पुढचं वाक्य तिने स्वतःलाच पूर्ण करू दिलं नाही.

सेल्समन तिच्याच वयाचा असेल. तो हसला नाही. "पापा हैं?" त्याने हळू विचारलं. मग म्हणाला, "देखिए, इसका नाम बदल सकते हैं. तारा बोलना ज़रूरी नहीं. कोई भी एक आवाज़ डाल दो, शब्द नहीं हो तो भी चलेगा. बस हर बार एक जैसी निकलनी चाहिए. फिर वो आवाज़ आते ही ये मम्मी को फ़ोन लगा देगी."

हर बार एक जैसी. ती विचार करायला लागली. पाणी? पाणी कधी पाई, कधी आणी, कधी नुसता घसा. आई? आई म्हणताना दम लागतो, अर्धवट सुटतं. दुखतं म्हणताना रडतात. असं कुठलं आहे जे रोज, दर वेळी, तेच, पूर्ण, स्वच्छ निघतं… आणि मग तिला कळलं, आणि आधी कळलं नाही ह्याचंच नवल वाटलं, कारण ते एकच आहे. पाणी हवं असेल तरी तेच, दुखलं तरी तेच, लाज वाटली तरी तेच.

तिने रेकॉर्डिंग पुढे सरकवलं. भांडी आदळल्याचा आवाज. मग शांत. मग —

मनू.

स्पष्ट. म वर जोर, ऊ लांब. मनू. थांबून परत, मनू.

सेल्समनने मोबाइल डब्याशी धरून तीन वेळा ते आत घातलं, आईचं नाव विचारून मालती असं टाकलं, नंबर घरी गेल्यावर टाकायचा. मशीन म्हणालं, झालं. "अब चेक कीजिए," तो म्हणाला, आणि त्याला तिच्यापेक्षा जास्त घाई झालेली होती, बिचाऱ्याला खरंच ते चालायला हवं होतं. तिने बोट ठेवलं.

"मनू."

"जी, बोलिए. मैं मालती जी को फ़ोन लगा रही हूँ."

निळं कडं गोल फिरलं. पहिल्याच झटक्यात. इतकी गोड बाई, इतकी शांत, जशी कुणाच्या घरात कधी नसते. झालं. सुटले मी. आईची अट पूर्ण, सोमवार परत आला, बस परत आली, मी मिसरोदला खिडकीत बसलेय आणि घरी कुणीतरी मनूच्या हाकेला ओ देतंय… आणि ह्या सगळ्यात तिचा मोबाइल बंद करायचा राहूनच गेला.

"काय आहे आता!" मोबाइल ओरडला. चपलांचा आवाज. "मेले नाहीये मी, येतेय! काय हवंय? पाणी? हं? कूस? बोला ना! काही नाही? काहीच नाही? मग कशाला बोंबलता सारखं!"

मिक्सरवाल्या बायका आता सरळ तिच्याकडेच बघत होत्या. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण ते कळायची काही गरज नव्हती.

"माफ़ कीजिए," तारा म्हणाली, "मैं समझ नहीं पाई."

सेल्समनने विचारलं, "ये आप हैं?"

"नहीं," मृणाल म्हणाली.

सकाळी ती पलंगापाशी पोचली तेव्हा बाबांना खरंच काही नको होतं. दिवसातून कितीतरी वेळा नसतं. ते हाक मारतात, ती येते, ते तिच्या तोंडाकडे बघतात, असं निवांत, जसं कुणी दार लागलंय का ते बघून येतं, आणि मग डोळे मिटून घेतात. ह्याचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा. पाण्याला उठवलं तर ठीक आहे, पण बघायला? सोमवारी ते हाक मारतील. जी, बोलिए. ते मान वळवतील, डावीकडे वळते तेवढी, आणि आवाजाच्या जागी तोंड शोधतील. आई लॅबमधून धावत येईल. त्यांना काही नको असेल. आई परत जाईल. ते परत हाक मारतील… आणि ही तारा कधी वैतागणार नाही, ही दर वेळी तेवढंच गोड म्हणेल, आणि काही दिवसांनी ते हाक मारायचे थांबतील. थांबतीलच. आणि मशीन बिघडलंय की तेच थांबलेत, हे कुणाला कळणार पण नाही.

"पैक कर दूँ, मैडम?"

पैसे मुठीत होते, ओले झाले होते. मला जायचंच आहे. अजूनही, एवढं ऐकून पण, मला त्या बसमध्ये बसायचंच आहे, हे खोटं नाही. फक्त आतापर्यंत जे काही सोडलं ते रागात सोडलं होतं — वही आपटली, उठले, निघाले, मागे काय झालं ते बघितलं नाही. तिने राग शोधला. सेल्समनवर, मालकावर, खोट्या स्टिकरवर, तन्वीवर, आईच्या त्या आवाजावर, पलंगावर. कुठेच सापडेना. आणि रागाशिवाय दार कसं ओलांडायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"मैडम?"

"एक मिनट," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला ओळखू आला नाही, इतका हळू निघाला, "एक मिनट रुको ना…"