परतीची जागा

मी भित्री आहे, आणि सरकार मला त्याचाच पगार देतं. ड्रोनविरोधी कक्षात मी विश्लेषक आहे. आकाशातून काय काय वाईट येऊ शकतं याचा आधीच विचार करून ठेवायचा, आणि ते आलंच तर कोणी काय करायचं ते सांगायचं, हे माझं काम. जात्याच संशयी बाईला याहून चांगली नोकरी मिळणं कठीण. घरी मात्र माझ्या भीतीची मनसोक्त थट्टा होते. सासूबाई म्हणतात, "हिच्या डोक्यावरून कावळा गेला तरी ही त्याचं लायसन विचारेल." त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही, पण बोलण्यात त्या कुणाला हार जात नाहीत.

त्या दुपारी मैदानावर मोठी सभा होती. आमचा कक्ष म्हणजे खिडक्या नसलेली एक लांबट खोली. समोर भिंतभर पडदा, त्याखाली टेबलं, आणि एसी इतका गार की मी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसते. मोबाईल दाराबाहेरच्या कपाटात ठेवूनच आत यायचं. माझ्या शेजारी जॅमर चालवणारा सहकारी होता, त्याला सगळे चष्मा म्हणतात. मागे साहेब उभे होते. सभेच्या दिवशी त्यांना खुर्ची टोचते.

भाषणं रंगात आली आणि पडद्यावर एक ठिपका उगवला. परवानगी नसलेला ड्रोन बाजाराच्या बाजूने मैदानाकडे येत होता. आमच्या कॅमेऱ्याने त्याला गाठलं. त्याच्या पोटाखाली एक पुडकं बांधलेलं होतं आणि पुडक्यातून तार बाहेर आली होती.

चष्मा पडद्याकडे वाकला. "मॅडम, हे काही फुलं उधळायला आलेलं नाही."

"जॅमर लाव," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

जॅमरचं काम सोपं असतं. जमिनीवरून कोणी ड्रोनला हुकूम देत असेल, तर मध्ये इतका गोंगाट करायचा की हुकूम पोचूच नये. हुकूम तुटला की असे ड्रोन आपोआप मागे फिरतात आणि त्यांच्या आठवणीत जी परतीची जागा असते तिथे जाऊन उतरतात. ती जागा म्हणजे जिथून उडाले ती. म्हणून आमच्या कक्षात एक नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे: ड्रोन जिथे परततो, तिथेच उडवणारा. हा नियम मीच शिकवलाय. नव्या पोरांकडून तर घोकून घेतलाय.

ड्रोन थबकला, डगमगला आणि वळला. साहेबांनी सुस्कारा सोडला. यंत्रणेने परतीची जागा पडद्यावर दाखवली. वस्तीतल्या एका इमारतीची गच्ची होती ती. पाण्याच्या दोन टाक्या, एकीला निळं झाकण, दुसरीचं झाकण फुटलेलं म्हणून वर पत्रा, आणि पत्रा उडू नये म्हणून त्यावर वीट. ती वीट मी ठेवली होती.

मी टेबलाची कड घट्ट धरली.

साहेबांनी तोवर रेडिओ उचलला होता. पथकाचा प्रमुख, ज्याला आम्ही पहिलवान म्हणतो, गाडी घेऊन त्याच भागात फिरत होता. साहेब त्याला म्हणाले, "गच्चीवर जो दिसेल तो उडवणारा. सांगूनही हात वर केले नाहीत तर गोळी."

"साहेब, ते माझं घर आहे."

चष्म्याने आपली खुर्ची माझ्यापासून वीतभर लांब सरकवली. इतकी वर्षं शेजारी बसतो आम्ही.

"तुमचं घर," साहेब सावकाश म्हणाले.

मी भराभर सांगत सुटले. धाकटे भाऊजी लग्नांचे व्हिडिओ काढतात. त्यांचा ड्रोन नेहमी आमच्या गच्चीवरून उडायचा. तो त्यांनी हिवाळ्यात विकून टाकला. ऑनलाइन गिऱ्हाईक आलं, घेऊन गेलं, नावगाव कोणी विचारलं नाही. आता घेणाऱ्याने तो पत्र्याच्या शेडमधून उडवला असेल आणि तिथे त्याला उपग्रहाचा सिग्नल मिळाला नसेल, तर ड्रोन नवी जागा धरत नाही. जुनीच घेऊन फिरतो.

"हे तुम्ही आम्हाला कधी शिकवलं नाही," चष्मा म्हणाला.

"शिकवलं होतं. शेवटी. तुम्ही सगळे चहाला उठला होता."

कोणी हसलं नाही. मीच इतके दिवस सगळ्यांवर संशय घ्यायला शिकवत होते, आणि विद्यार्थी चांगले तयार झाले होते.

कॅमेरा आता ड्रोनच्या पुढे जाऊन गच्चीवर स्थिरावला. दोरीवरचे कपडे वाऱ्याने फडफडत होते आणि सासूबाई ते काढत होत्या. एकट्याच होत्या. नवरा कामावर होता, लेक शाळेत. एकट्याच आहेत हे बघून मला आधी हायसं वाटलं. मग त्यांच्या खांद्यावर टाकलेला माझा कुर्ता दिसला.

"कोण ही बाई?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या सासूबाई. त्यांना ऐकू येत नाही, साहेब. पहिलवान कितीही ओरडला तरी त्या वळूनसुद्धा बघणार नाहीत."

"जॅमर बंद केला तर?"

उत्तर चष्म्याने दिलं. "तर ड्रोन परत त्या माणसाच्या हातात. मैदान अजून जवळच आहे. आणि मध्येच पाडायचा म्हटलं तर खाली भर बाजार."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे माणसं. त्यात आणखी एक गोष्ट मला दिसत होती. आमचा जॅमर मैदानासाठी लावलेला होता आणि माझं घर त्याच्या हद्दीच्या अगदी काठावर होतं. ड्रोन तिथे पोचला की त्या माणसाचं स्फोट घडवायचं बटण पुन्हा चालू शकलं असतं.

साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मॅडम, तुमचं ऐकू का नको, ते तुम्हीच सांगा."

"मला घरच्यांना वाचवायचं असतं तर जॅमर बंद करा म्हणाले असते," मी म्हणाले. माझे दात वाजत होते, आणि तो एसीचा दोष नव्हता. "मी म्हणतेय, चालूच ठेवा. येऊ दे त्याला तिथे. फक्त पहिलवानाला बंदूक खाली ठेवून हातात धरायचा छोटा जॅमर घेऊन वर जायला सांगा. ड्रोनवर रोखून धरला की बटण चालणार नाही. मग मला कुठे डांबायचं तिथे डांबा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते चष्म्याला म्हणाले, "चालू ठेव." आणि रेडिओवर, "पहिलवान, बाईला ऐकू येत नाही. गोळी नाही. पुन्हा सांगतो, गोळी नाही. जॅमर घेऊन पळ."

मी आजवर हजार तऱ्हेच्या भीती कागदावर उतरवल्यात. त्यातल्या एकीतही मला काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं आहे, असं नव्हतं.

ड्रोन बाजार ओलांडून वस्तीवर आला. सासूबाईंनी वर पाहिलं. त्यांनी कपडे कठड्यावर ठेवले, डोळ्यांवर हात धरला, आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी त्याला ओळखलं होतं. भाऊजी तो विकून आले तेव्हा चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता या बाईने; ड्रोन उतरताना त्या त्याला नेहमी हातांत झेलायच्या. आता त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हसत पुढे झाल्या.

"आई, नको! हात नका लावू!" मी पडद्यावर ओरडले. शेजारी उभी असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं.

त्यांनी तो झेलला. पुडक्यासकट छातीशी धरला. मी डोळे मिटले. कसलाच आवाज झाला नाही, म्हणून उघडले.

पहिलवान गच्चीच्या दारात उभा होता. हातातला जॅमर बंदुकीसारखाच दिसतो. तो बघून सासूबाई ड्रोनला आणखी घट्ट धरून मागे सरकल्या, कठड्यापर्यंत. पहिलवान गुडघ्यावर बसला. जॅमर एका हाताने रोखलेलाच ठेवून त्याने दुसऱ्या हाताने जमिनीकडे खूण केली. पुन्हा केली. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांतल्या तारेकडे, आणि बाळाला निजवावं तसा ड्रोन हळूच खाली ठेवला. मागून आलेल्या शिपायाने त्यांना उचलूनच जिन्यात नेलं. बॉम्बवाले येईपर्यंत पहिलवान तिथून हलला नाही.

पुडकं खरं होतं. भाऊजींनी दिलेल्या त्या गिऱ्हाइकाच्या फोन नंबरावरून त्या माणसाचा माग लागला. संध्याकाळपर्यंत मला प्रश्न विचारत होते, बाहेर चष्मा माझी पर्स सांभाळत बसला होता. "सॉरी हं, मॅडम," एवढंच म्हणाला.

घरी आले तेव्हा सासूबाई पलंगावर बसल्या होत्या आणि लेक त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मी समोर खुर्ची ओढून बसले. माझं बोलणं त्या ओठांवरून वाचतात.

"तू बघत होतीस म्हणे," त्या म्हणाल्या. "तो पहिलवान हातवारे करून सांगत होता. चांगला मुलगा आहे."

"हो, आई. बघत होते."

"मी वर आहे, हे दिसत होतं?"

"दिसत होतं."

"आणि तूच म्हणालीस, येऊ दे."

"हो."

त्यांनी मान हलवली. "टीव्हीवर दाखवलं मैदान. लहान लहान पोरं होती गं. बरोबर केलंस. मी असते तरी तेच केलं असतं." लेकीच्या कपाळावरचे केस त्यांनी मागे सारले. "मला राग नाही. फक्त एक सांग. माझ्याऐवजी वर ही असती, तर?"

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. ओठ हलले नाहीत.