कोरडे कपडे

बाईंनी तिसऱ्या चिठ्ठीवरही काट मारली.

*कुरघोडी करणे (क्रि.) : प्रतिस्पर्ध्याचा डाव ओळखून, तो पडण्याआधी आपला डाव साधणे.*
*उदा. राजाने शत्रूवर कुरघोडी केली.* (काट)

अर्थ जमला होता. घोडे अडत होते ते उदाहरणापाशी. शब्दकोशाच्या या कचेरीत एकतीस वर्षे त्या प्रत्येक नव्या माणसाला एकच कसोटी शिकवत आल्या होत्या : अर्थ तळहाताने झाकायचा आणि नुसते उदाहरण वाचायचे. शब्द कळला तर ठेवायचे, नाहीतर खोडायचे. या वाक्यातल्या राजाने शत्रूला जेवायलाही बोलावले असेल.

चार वाजता छापखान्याचा माणूस येणार होता.

तीन वाजता संपादक साहेब आले ते दुसऱ्या कोशाची नमुना-पुस्तिका शेपटीला धरलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरून. तिच्यात नेमका हाच शब्द होता. परीक्षणे लिहिणारे दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचणार, हे सांगायला नको होते.

"तुमच्या लेकीचा कारखाना," साहेब म्हणाले. "चूक काढा, बाई. एक तरी काढा."

लेक याच टेबलाशी शिकली आणि चार वर्षांपूर्वी तिकडे गेली. दोघी राहत एकाच घरात. घरात कामाचा शब्द काढायचा नाही, असे ठरले होते. जेवताना नळ गळतोय, गॅस संपत आलाय, एवढेच. कोणत्या अक्षरापर्यंत आलात, हे विचारायचीसुद्धा चोरी.

बाईंनी लाल पेन्सिल घेतली, डाव्या हाताने अर्थ झाकला.

*उदा. शेजारीण पहाटे उठून गच्चीवरची दोरी अडवणार हे ओळखून, आईने आदल्या संध्याकाळीच कोरडे कपडे वाळत घातले आणि तिच्यावर कुरघोडी केली.*

त्यांनी ते दोनदा वाचले. कानाच्या पाळ्या तापल्या. पेन्सिल खाली ठेवून त्यांनी ते पुन्हा वाचले, या वेळी मोठ्याने, अगदी सावकाश, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असे. कोपऱ्यातले व्युत्पत्तीवाले काका आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. ते फसकन हसले.

साहेबांनी चूक सापडली का, असे विचारले. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि चौथी चिठ्ठी पुढे ओढली. अर्थ आपला लिहिला. खाली ते वाक्य स्वल्पविरामासकट उतरवले, आणि कंसात दुसऱ्या कोशाचे नाव, नमुना-पुस्तिका, पृष्ठ चार.

साहेब खुर्चीत बसले. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या पानावर, तेही आपल्या हाताने? लोक म्हणतील, यांना एक वाक्य सुचले नाही.

"नाहीच सुचलं," बाई म्हणाल्या. "चांगलं वाक्य मिळेल तिथून घ्यायचं आणि कुठून घेतलं ते लिहायचं. नियम तुमचाच आहे."

साहेबांनी चिठ्ठी उचलली. फाडतील असे वाटले. त्यांनी अर्थावर तळहात ठेवला, वाचले, आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी हलले. चिठ्ठी छापखान्याच्या गठ्ठ्यावर पडली. मग मात्र त्यांच्यातला संपादक जागा झाला. वाक्य छान आहे, पण ओढूनताणून रचलेले वाटते, ते म्हणाले.

"दोरीसाठी कोरडे कपडे वाळत घालणारी बाई कुठं असते का?"

बाईंनी पाठ ताठ केली, चष्मा वर सरकवला.

"दोन चादरी आणि एक टॉवेल," त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द घेतला.