टिटवीला मोजता येत नाही

कृष्णात पलटणीतून परत आला तो जरासा लंगडत आणि एका साहेबाचा जुना, काचांवर फोटो काढायचा कॅमेरा घेऊन. गावाला वाटलं, आता सांगलीत दुकान टाकून नवरानवरीचे फोटो काढेल. कसलं काय! या गड्याला नाद लागला पाखरांचा, त्यातही टिटवीचा.

कृष्णाकाठच्या मळीत, नदीलगतच्या गाळाच्या रानात, टिटवीनं उघड्यावर अंडी घातली होती. जवळच उसाच्या पाचटाची खोप रचून तो आत बसायचा. पण टिटवी म्हणजे महावस्ताद. माणूस खोपीत शिरलेला दिसला की अंड्यांवर यायचं नावच नाही, लांबून नुसती कोकलत राहायची. कितीतरी काचा फुकट गेल्या, पदरी पडले ते धुरकट ठिपके. शेवटी युक्ती काढली ती त्याच्या बायकोनं, शालूबाईनं. म्हणाली, दोघं मिळून आत जाऊ आणि मी एकटी बाहेर पडते. पाखराला कुठं मोजता येतंय? आणि खरंच, ती बांधापलीकडं गेली की टिटवीला वाटायचं, माणूस गेलं, आणि तुरुतुरु येऊन ती अंड्यांवर बसायची.

तेव्हापासून रोज उजाडताच दोघांची वरात मळीत. जाताना शालूनं मागं वळून पाहिलं की टिटवी बिचकायची, म्हणून कृष्णातनं तिला ताकीदच दिली होती, मागं बघायचं नाही. तीही पदर सावरत सरळ चालत जायची.

लढाईमुळं काचा मिळेनाशा झाल्या होत्या. एकदा खोपीतून निघता निघता ती थांबली.

"आवं, एक माझा बी काढा की."

"पुढच्या काचंवर काढतो. जा आता, ऊन वर येतंय."

ती गेली. पुढची काच आली, ती टिटवीच्या पिलांवर गेली. त्याच्या पुढचीही. असला कसला नवरा, असं कुणीही म्हणेल. पण जीव होता हो त्याचा तिच्यावर. बायको काय, घरातच आहे, असं त्याला वाटलं, एवढंच.

वैशाखात तिला मुदतीचा ताप भरला आणि त्यातच ती गेली. टिटवीचे फोटो घरात लावल्यावर दुसरं काय होणार, असं भावकीतल्या बायका कुजबुजल्या. कृष्णातनं एकेक काच उजेडाला धरून पाहिली. अंडी होती, पिलं होती, टिटवी होती. शालू एकाही काचेवर नव्हती. कशी असणार? ती गेल्यावरच तर तो कळ दाबायचा.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवले. झाडावर कावळे होते, पण एकही शिवेना. पोरीचा जीव कशात तरी अडकलाय, असं तिची आई भामाबाई म्हणाली. मग एकेकानं हात जोडून शब्द दिला. तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न लावून देऊ, तुझी म्हस विकणार नाही. कावळा काही हलेना. सगळे कृष्णातकडं बघू लागले.

तिला काय हवं होतं ते त्याला ठाऊक होतं, आणि नेमकं तेच आता देता येत नव्हतं. 'पुढच्या काचंवर' असं पुन्हा कुठल्या तोंडानं म्हणणार? तो पिंडापाशी बसून "चुकलो गं शालू" एवढंच म्हणाला. तरीही कावळा आला नाही.

मग तो उठला. "म्या हितनं गेल्याबिगर त्यो यायचा न्हाई," म्हणाला. चुलत्यानं दंडाला धरलं, पण तो हात सोडवून वाळूतून चालू लागला. थोडा लांब गेला, तोच मागं पंख फडफडले आणि "शिवला, शिवला" असा गलका उठला.

"कृष्णाता, बघ रं एकदा मागं," भामाबाईनं हाक मारली.

त्याची मान वळू बघत होती. शालूलाही रोज सकाळी असंच होत असेल, हे त्याला तेव्हा कळलं, आणि चालता चालताच तो हमसून हमसून रडायला लागला. वळला मात्र नाही.