डोरीनच्या दारातली बोट

"पुन्हा तीच बोट," म्हणत ट्रूडीने चिठ्ठी माझ्या टेबलावर सरकवली. "तिसरा फोन."

"कोणाचा?"

"बावीस वर्षं झाली तुला इथे, लाइल. नाव सांगतात का कधी?"

नाही सांगत. तक्रार करणाऱ्याचं नाव फोन घेणाऱ्या ट्रूडीपाशी राहतं, निरीक्षकाला फक्त पत्ता मिळतो. गावाच्या कचेरीतला निरीक्षक म्हणजे मी. मिनेसोटातल्या आमच्या गावात माणसांपेक्षा बोटी जास्त असतील, सहलीला राहायच्या कॅम्परगाड्या वेगळ्याच. उन्हाळ्यात दारात काय हवं ते उभं करा, कोणी विचारत नाही. पण नोव्हेंबर लागला की बोट असो वा कॅम्पर, घराच्या पुढच्या भिंतीच्या मागे गेली पाहिजे, नाहीतर गावाबाहेरच्या शेडमध्ये. ती एप्रिलपर्यंत पुढे दिसता कामा नये. एवढं बघायला मी बावीस वर्षं गल्ल्या हिंडलो. लोकांनी मला शिव्या दिल्या म्हणाल तर तेही नाही. आमच्याकडे शिव्या देत नाहीत. "बरं बरं" म्हणतात आणि पुढचे दोन रविवार चर्चच्या तळघरात कॉफी घेताना आपल्या टेबलावर बसत नाहीत.

चिठ्ठीवरचा पत्ता हार्लनचा होता. तीस वर्षं आम्ही दोघांनी एकाच बोटीतून गळ टाकले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस एका संध्याकाळी तो दारात त्याच बोटीत गेला. हिवाळ्यासाठी तिचं इंजिन झाकून ठेवायला चढला होता, तिथेच हृदय थांबलं. मागे राहिली त्याची बायको डोरीन, दोन तासांच्या वाटेवर राहणारा मुलगा कर्ट, आणि दारात ती बोट.

पहिली तक्रार आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. माणूस जाऊन तीन आठवडे नाही झाले आणि कोण हा दगडाच्या काळजाचा? मी मनातल्या मनात समोरच्या घरातल्या नव्या दंतवैद्याला धरलं. शहरातून आलेला, कुंपणाला रंग देणारा माणूस. त्याच्याशी मी बोलणंच टाकलं. बिचारा मला बघून हात हलवायचा आणि मी भलतीकडे बघायचो. आज आठवलं की लाज वाटते.

तेव्हा मी डोरीनच्या दारात उभा राहून तिला सांगितलं होतं, "तू काळजी करू नकोस. दहा दिवसांची मुदत लिहून टाकतो."

"पण नियम आहे ना?" ती म्हणाली.

"नियम माणसांसाठी असतात. मी असेपर्यंत हार्लनच्या बोटीला कोणी हात लावणार नाही."

"हो का," ती म्हणाली. मग आत जाऊन खजुराच्या वड्यांची बशी घेऊन आली. दुसऱ्या तक्रारीला मी आणखी दहा दिवस वाढवले. तेव्हाही ती "तू म्हणशील तसं" म्हणाली आणि तेव्हाही बशी मिळाली. घरी येताना मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता!

आणि आता ही तिसरी. मी पेन काढलं. "पुन्हा दहा दिवस," म्हटलं. "मेला तो दंतवैद्य!"

ट्रूडीने माझ्या हाताखालून कागद ओढून घेतला. पंचवीस वर्षं फोन घेणारी बाई, पण हे तिने कधी केलं नव्हतं.

"तू त्या बाईवर उपकार करतोयस असं वाटतंय ना तुला?"

"मग?"

"मी नाव सांगणार नाही. सांगायचं नसतं. पण तू जा तिथे. दारातून परत येऊ नकोस, आत जाऊन बस. आणि लाइल, एकदा तरी तोंड बंद ठेव."

मी गेलो. बर्फ भुरभुरत होतं. बोट चाकांच्या गाड्यावर तशीच उभी होती, वर कर्टने बांधलेली निळी ताडपत्री. डोरीनने दार उघडलं आणि सवयीने वड्यांची बशी आणायला वळली.

"बशी राहू दे. आत येऊ का?"

तिने मला स्वयंपाकघरात नेलं. इतक्या वर्षांत मी त्या टेबलाशी शंभरदा बसलो असेन, पण नेहमी हार्लनच्या खुर्चीसमोर. आज तिने मला ओट्याजवळच्या तिच्या खुर्चीवर बसवलं. बसलो आणि समोरच्या खिडकीत मला बोट दिसली. खिडकीत दुसरं काही नव्हतंच. आकाश नाही, रस्ता नाही, नुसती बोट.

मी तोंड बंद ठेवलं. कॉफी आली. मग ती बोलू लागली.

"त्या दिवशी मी बटाटे सोलत होते. तो चढला, सुकाणूपुढच्या खुर्चीवर बसला. माझ्याकडे पाठ. टोपी घातलेली. तुला माहितीये तो कसा बसायचा. काम संपलं तरी अर्धा अर्धा तास, जणू तळ्यावरच आहे."

"हो."

"मी एकदा हाक मारली, जेवायला ये म्हणून. हलला नाही. म्हटलं, बसू दे. मोसम संपला, वाईट वाटत असेल. मी बटाटे उकडले. कुस्करले. टेबल मांडलं. मध्येमध्ये बघत होते. दीड तास, लाइल. त्याच्या पाठीकडे बघत मी दीड तास स्वयंपाक केला. डॉक्टर म्हणाले, बसल्या बसल्याच गेला होता. मी रागावलेसुद्धा त्याच्यावर, बटाटे गार झाले म्हणून."

तिने हनुवटीने खिडकीकडे दाखवलं.

"मी नळ सोडला की ती दिसते. कप विसळायला आले की दिसते. ताडपत्री आहे, पण मला आत तो बसलेलाच दिसतो."

"मग कर्टला सांगायचं होतंस! दुसऱ्याच दिवशी हलवली असती त्याने."

"कर्ट दफनाच्या दिवशी सगळ्यांसमोर काय म्हणाला? मे महिन्यात मासेमारी सुरू होईल त्या दिवशी बाबांची बोट याच दारातून पाण्यात जाईल, तोवर कोणी हलवायची नाही. रडत होता पोरगा. मी त्याला काय सांगू? की तुझ्या बापाची बोट मला डोळ्यांसमोर नको?" तिने कप खाली ठेवला. "म्हणून मग मी फोन केला. म्हटलं गावाचा हुकूम आला तर कोणाचा दोष नाही. तीनदा केला. आणि तीनही वेळा तू आलास."

"मुदत द्यायला," मी म्हटलं.

"हो. मुदत द्यायला."

ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या गावाची रीतच आहे. बाईने आपल्याच घराविरुद्ध तक्रार केली, पण मी दारात उभा होतो तेव्हा तोंडावर एक शब्द बोलली नाही, वर वड्या खाऊ घातल्या. आणि मी? तिच्या "हो का"चा अर्थ कळायला मला तीन आठवडे आणि ट्रूडी लागली. मला स्वतःची चीड आली. मी तिला दिलेले ते वीस दिवस, एकेक दिवस, तिने त्या खिडकीशी काढले होते.

मी तिथेच टेबलावर नोटीस लिहिली. तीन दिवसांत बोट हलवा, नाहीतर गाव हलवेल. तिने सही केली. मग नोटिशीचा तो लाल कागद बाहेर जाऊन मी बोटीला चिकटवला आणि कर्टला फोन मी स्वतः केला.

शनिवारी तो आला. माझा लाल कागद त्याने आधी ओरबाडला. मग माझ्याकडे आला. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, डोरीन पायरीवर.

"तुम्ही?" तो म्हणाला. "दुसरं कोणी असतं तर समजलो असतो. तुम्ही, लाइल?"

"नियम आहे," मी म्हटलं.

"बाबा तुम्हाला भाऊ मानायचे."

"माहीत आहे."

"आईला तरी विचारलंत? तिला काय वाटेल याचा विचार केलात?"

डोरीनचे ओठ हलले. ती बोलणार हे मला दिसलं. मी तिच्याकडे बघून मान हलवली, जेमतेम. ती थांबली.

"नियमात विचारायचं नसतं," मी म्हटलं. आयुष्यात इतकं मूर्ख वाक्य मी बोललो नसेन.

कर्टने थुंकण्यासारखं तोंड केलं, पण थुंकला नाही. हार्लनचा मुलगा तो. बोट गाडीला जोडली, आईच्या गालाचा मुका घेतला आणि निघाला. माझ्यासमोरून जाताना त्याने गाडीची काच खाली केली नाही. तो आता मला आयुष्यभर माफ करणार नाही. करू नये, त्यातच बरं आहे.

बोट गेली तिथे काँक्रीटचा लांबट कोरडा तुकडा उरला होता, भोवती बर्फ. डोरीन घरातल्या सपातांवर खाली आली आणि त्याच्या कडेला उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. पण तिने स्वेटरच्या खिशातून किल्ली काढली.

"गाडी आत घेते," म्हणाली. "केव्हाची रस्त्यावर उभी आहे."

तिने आपली जुनी गाडी रस्त्यावरून वळवली आणि हळूहळू त्या कोरड्या जागेवर आणून लावली. इंजिन बंद केलं. दार उघडलं नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती बसून राहिली, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाठ करून. गाडीच्या काचेवर बर्फ साचू लागलं.

माझी गाडी चालू होती, दोन पत्ते बघायचे बाकी होते. मी जाऊन ती बंद केली आणि डोरीन उतरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.