पहारा उठवणारी पुडी

सांधेदुखीवर औषधाची पुडी देणाऱ्या बाबांच्या गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. काठी टेकत आलेली माणसं चार-दोन खेपांनंतर काठी तिथंच टाकून जात, आणि त्या ढिगाकडे बोट दाखवून बाबा म्हणत, "ही माझी साक्ष. पण ज्यानं पुडी सोडली, तो आडवा झाला." तेही खरंच होतं. मध्येच पुडी थांबवलेले दोघे-तिघे कोसळले होते, त्यामुळे शंका काढायची कोणाची छाती होत नव्हती.

ताईला असल्या बुवांची चीड होती. पण तिचा धाकटा भाऊ शिंपी, आणि संधिवातानं त्याची बोटं इतकी आखडलेली, की सुईत दोरा तीच ओवून द्यायची. पुड्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत पठ्ठ्या स्वतः दोरा ओवू लागला. ताईनं तोंडाला कुलूप लावलं. घरात सुख आलं की तर्काला कोण विचारतो?

मग त्याचं डोकं दुखू लागलं. एकदा त्यानं कोटाची डावी बाही उजवीकडे जोडली, उसवली आणि पुन्हा तशीच जोडली. ताई त्याला बाबांकडे घेऊन गेली. बाबांनी पुडी दुप्पट केली. म्हणे, आतली पीडा शेवटची धडपड करतेय. त्यानंतर भाऊ झटका येऊन मशीनवरच पडला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा स्कॅन केला, पुडी तपासून घेतली आणि ताईला समोर बसवलं.

"पुडीत स्टिरॉइड आहे. त्यानं सूज उतरते, म्हणून बोटं सुटली. पण त्यानंच प्रतिकारशक्ती दबते. मांजराच्या विष्ठेतून, कच्च्या मांसातून येणारा एक परजीवी कित्येकांच्या मेंदूत गुपचूप पडून असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला डोकं वर काढू देत नाहीत. तुमच्या भावाच्या मेंदूतला तो पहाराच उठला, आणि परजीवी जागा झाला."

"मग पुडी सोडणारे का पडले?"

"बाहेरून मिळू लागलं की शरीर स्वतःचं तसलं रसायन बनवणं थांबवतं. पुडी एकदम सोडली की माणूस कोसळतो."

भाऊ वाचला, पण उजवा हात लुळा पडला. ताई पोटभर रडली. इस्पितळानं पोलिसांना कळवलं होतं, तरी गोदामातली रांग हलली नव्हती. ती रांगेपुढे जाऊन उभी राहिली.

"पुडी आज एकदम सोडू नका, जिवावर बेतेल. ती घेऊन डॉक्टरांकडे जा."

"माझे गुडघे पळतायत, बाई," एक म्हातारा म्हणाला.

"माझ्या भावाचीही बोटं चालत होती, काका; आता हातच लुळा पडलाय. गुण आला तरी औषधात काय आहे ते विचारा. जो सांगणार नाही, त्याच्या हातचं पाणीही पिऊ नका."