रिंगवरचं बोट

बाबांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावली, तेव्हाच मुलीनं भांडायला हवं होतं. पण आत्याला चार वाजता दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. सकाळी जबड्याचं ऑपरेशन, अर्धा जबडा जाणार. त्याआधी आपला चेहरा एकदा नीट फोटोत यावा, एवढंच तिचं मागणं होतं. म्हणून मुलगी गप्प बसली.

"माणसाकडे बघ," बाबा म्हणाले. "दर फोटोनंतर स्क्रीनमध्ये नाक खुपसतेस, लाज नाही वाटत?"

चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेला माणूस. डोळे मोतीबिंदूनं अधू झाले, जीभ तेवढी धारदार राहिली. फोटो तिनं काढायचा, पण लेन्स त्यांचीच लावायची, हा हट्ट. त्या जुन्या लेन्सचं आणि नव्या कॅमेऱ्याचं बोलणंच नाही. प्रकाश आत सोडणारं लेन्सचं छिद्र किती उघडं आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही. आधी रिंग फिरवून छिद्र लहान करायचं, मग मीटरनं प्रकाश मोजायचा, आणि त्यानंतर रिंगेला बोट लावायचं नाही. तिनं सगळं बिनचूक केलं. कॅमेरा स्टँडवर ठेवला, लांब वायरचं बटण हातात घेतलं आणि आत्याच्या खुर्चीशेजारी उभी राहून तिला बोलतं ठेवलं. बाबा कॅमेऱ्यापाशी पहारेकऱ्यासारखे उभे. चोवीस फोटो झाले.

आत्याला दवाखान्यात सोडून आल्यावर तिनं पट्टी खरवडून काढली. पहिल्या फोटोत आत्या केस सारखे करत होती, अर्धा चेहरा हाताआड. बाकीचे तेवीस पांढरेफटक. केस दिसत होते, कानातले दिसत होते, मध्ये काहीच नव्हतं.

"मीटर चुकवलंस," बाबा म्हणाले.

"पहिला बरोबर आलाय. मीटर मध्येच कसं चुकेल?"

"माझ्या लेन्सनं आजवर कुणाला दगा दिलेला नाही."

तेवढ्यात आत्याचा फोन आला. बाबांनी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि स्पीकर लावला. "तुझ्या भाचीनं वाट लावली सगळ्याची. सकाळी येऊन परत काढायला लावतो."

"आता कसले काढता," आत्या म्हणाली. "डॉक्टर गालभर निळ्या खुणा करून गेले." मग म्हणाली, "दादा, बटण वाजलं की तू ती रिंग फिरवत होतास. दरवेळी. मी समोरच बसले होते. म्हटलं, असंच असेल."

फोटो झाला की पुढच्या फोकससाठी छिद्र सताड उघडायचं, ही बाबांच्या बोटांची चाळीस वर्षांची सवय. डोळ्यांना दिसेना, तरी बोटं आपलं काम करत राहिली होती. पहिल्या फोटोनंतरच छिद्र उघडं राहिलं आणि पुढच्या तेवीस फोटोंत जादा प्रकाश शिरला.

फोन बंद झाला. बाबा लेन्स पुसू लागले.

"फोकस तरी नीट आहे ना?" त्यांनी विचारलं, पहिल्यांदाच हळू आवाजात.

"फोकस बघायला फोटोत चेहरा लागतो, बाबा," ती म्हणाली. त्यांचा हात थांबला. एवढं टोचून बोलल्याचं आपल्याला वाईट वाटेल, म्हणून तिनं क्षणभर वाट पाहिली. तसं काही वाटलं नाही.