तांब्याभर पाणी आणि कापलेला कठडा

वेळ सकाळी साडेसहाची. स्थळ, नेझाहतबाईंच्या दारापुढची उतरती गल्ली. एक जुनी लाल मोटार वरच्या कोपऱ्यावर वळली आणि तिच्या मागे फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं गेलं. पाणी उताराने खाली धावलं, गल्लीच्या टोकाशी असलेल्या तारेच्या कुंपणाखालून सरकलं आणि दगडी पायऱ्या उतरत समुद्रात गेलं. त्याला कुणी अडवलं नाही. त्या तारेपाशी फक्त माणसांना अडवतात.

ज्याच्यातून ते पाणी ओतलं, तो मी. या घरचा तांब्या.

माझा जन्म समुद्रापासून लांब, अँतेप शहराच्या तांबट बाजारात झाला. एका उस्तादाने मला ठोकून ठोकून आकार दिला. त्याचे ठोके आजही माझ्या पोटावर मोजता येतील. ते लागले तेव्हा मी कळवळलो असेन, पण आता त्या हातांना मनापासून दुवा देतो. नेझाहत नवी नवरी होऊन एजियन समुद्राकाठच्या या गावात आली, तेव्हा तिच्या सामानात मी होतो. तिने नवऱ्याबरोबर, ओरहानबरोबर, घराच्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आणि मला माझं खरं काम मिळालं.

आमच्याकडे निघालेल्या माणसाच्या पाठीमागे पाणी टाकतात. पाण्यासारखे जा, पाण्यासारखे परत या, म्हणून. ते पाणी वर्षानुवर्षं मीच टाकत आलो. एकदा मी कल्हईला गेलो होतो, तेव्हा अंकाराहून येणारे फेरिदुनसाहेब आणि सुहेलाबाई तसेच कोरडे निघाले. अर्ध्या रस्त्यातून मोटार परत आली. सुहेलाबाई खिडकीतून ओरडल्या, "नेझाहत, आरशात पाणी दिसलं नाही! पुढच्या वर्षी खोली द्यायची नाही वाटतं आम्हाला?"

नेझाहतने घाईघाईत चहाची किटलीच रिकामी केली. फेरिदुनसाहेब म्हणाले, "आता तपकिरी होऊन परत येणार आम्ही." दुसऱ्या वर्षी ते आले. अशा माणसांच्या घरात राहायला मिळालं, आणखी काय मागू?

त्यांच्या सुट्टीचा बेत दर वर्षी हिवाळ्यातच, फोनवर ठरतो. नेझाहतचे हात कणकेत असतात, म्हणून फोन माझ्याशेजारी खिडकीत उघडा ठेवलेला असतो. यंदाचा बेत मी पूर्ण ऐकला.

"वरची खोली ठेवू, की अंजिराखालची?"

"खालची ठेव गं. यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. जिना नको."

मागून फेरिदुनसाहेबांचा आवाज आला. "तिला सांग, मंगळवारी ते जुनं नाट्यगृह बघायचं, बुधवारी होडीची सफर..."

"मंगळवारी काही नाही. बुधवारीही काही नाही," सुहेलाबाईंनी त्यांना तोडलं. "जन्मभर टपाल कचेरीत शिक्के मारलेत, आता समुद्रावर मारायचेत? सकाळी चहा, मग पाण्यात, मग कलिंगड आणि पांढरं चीज, मग झोप."

"आणि झोपेनंतर?"

"उठलात तर बघू."

नेझाहत हसत सुटली. मग सुहेलाबाईंचा आवाज बारीक झाला. "डॉक्टर म्हणालेत, समुद्रात रोज चालले तर पाय मोकळा होईल. पण आधाराशिवाय ते पाण्यात उतरणार नाहीत, घाबरलेत. तुमच्या पायऱ्यांचा तो कठडा आहे ना अजून?"

"आहे की! ओरहानने शिसं ओतून बसवलाय तो खडकात. तू-मी जाऊ, तो हलायचा नाही."

ओरहानला जाऊन बरीच वर्षं झाली. नेझाहतची सासू पायरीवरून घसरली, म्हणून त्याने गल्लीतल्या लोकांना घेऊन तो लोखंडी कठडा बसवला होता. साऱ्या गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तो धरूनच समुद्र पाहिला.

मे महिन्यात एका सकाळी गल्लीच्या टोकाला तार लागली होती. आत टेकडीवरच्या नव्या हॉटेलच्या खुर्च्या मांडलेल्या आणि पायऱ्यांवर कठडा नव्हता.

इथे मी आवाज चढवतो, कारण चढवायलाच हवा. किनारा सगळ्यांचा, असं या देशाचा कायदा सांगतो. नेझाहत नगरपालिकेत गेली. तिथे म्हणाले, बंदर कचेरीत विचारा. बंदर कचेरी म्हणाली, नगरपालिकेत विचारा. हॉटेलच्या साहेबांनी कॉफी पाजली आणि सांगितलं, तार पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी आहे. पाहुणे कुणाचे? नेझाहतच्या घरी येतात ते काय चोर?

आणि एक चूक नेझाहतनेही केली. तिने सुहेलाबाईंना यातलं काहीच कळवलं नाही. "जूनपर्यंत सुटेल," असं ती अंजिराला पाणी घालताना स्वतःशीच म्हणायची. आमच्याकडे पाहुण्याला वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत, आधी जेवायला घालतात.

म्हणून जूनमध्ये ते दोघं आले, तेव्हा पहिलं जेवण झाल्यावर सांगितलं. सुहेलाबाई रागावल्या नाहीत, नुसत्या उठून खोलीत गेल्या. फेरिदुनसाहेब काठी टेकत तारेपाशी गेले. तिथे राखणीला सेर्कान होता, पलीकडच्या गल्लीतला.

"काका, सोडता येत नाही. नोकरी जाईल."

"अरे, तुला पोहायला मी शिकवलं इथेच."

"म्हणून तर मान वर करता येत नाही, काका."

फेरिदुनसाहेब परत आले आणि अंजिराखाली बसले. म्हणाले, "सुहेला, सामान बांध. समुद्र लांबूनच बघायचा तर अंकारात भिंतीवर चित्र लावतो."

तेवढ्यात शेजारचा याकुप कोळी जाळं खांद्यावर टाकून आला. "भाऊ, तार जमिनीवर लावलीय ना? मग पाण्यावरून जाऊ. माझ्या होडीला शिडी आहे. मासे चढतात तिच्यावरून, तुम्हाला काय होतंय?"

"मासे चढतात होय?"

"तुमच्यापेक्षा कमी कुरकुरतात."

सकाळी आम्ही निघालो. सुहेलाबाईंनी गोडं पाणी भरून मला मांडीवर घेतलं होतं. होडी पायऱ्यांशी लागली. सेर्कान वरून ओरडला, "काका, पायरीवर यायला मनाई आहे!"

"वर कोण येतंय? मी खाली चाललोय," फेरिदुनसाहेब म्हणाले.

शिडीची शेवटची पायरी आली आणि त्यांचे हात सुटेनात. सुहेलाबाईंनी काही समजावलं नाही. "पाणी कसं आहे?" एवढंच विचारलं.

"गार आहे."

"मग दर वर्षीसारखी बोंब मारा आणि सोडा."

त्यांनी बोंब मारली आणि सोडलं. छातीभर पाण्यात ते उभे राहिले, एक पाऊल टाकलं, मग दुसरं. सेर्कानने आमच्याकडे पाठ केली आणि निघेपर्यंत तो तसाच उभा राहिला. परत आल्यावर सुहेलाबाईंनी माझ्यातलं गोडं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. मी इतकी वर्षं पाणी टाकतोय, पण असं हसणारं डोकं माझ्याखाली क्वचितच आलं. रोज गेलो आम्ही. बेत ठरल्याप्रमाणे पार पडला: चहा, पाणी, कलिंगड, झोप.

आज ते गेले. मी रिकामा होऊन खिडकीत बसलोय. उस्तादाचा, नेझाहतचा, याकुपच्या शिडीचा आणि पाठ फिरवणाऱ्या सेर्कानचाही मी ऋणी आहे. मोटारीतून सुहेलाबाई ओरडल्या, "पाणी दिसलं गं!" म्हणजे ते येणार.

पण होडीतून मी जवळून काही पाहिलंय, ते सांगून ठेवतो. कठड्याचं काय झालं, असं विचारलं की हॉटेल आणि नगरपालिका दोघंही म्हणतात, गंजून पडला असेल. मी धातू आहे. गंज लोखंड कुरतडतो, त्याच्या कडेचा भुगा होतो. खडकात ओरहानच्या शिशात रुतलेले कठड्याचे बुंधे अजून उभे आहेत. सगळे एकाच उंचीवर, सरळ रेषेत कापलेले. ती करवत कुणी चालवली, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.